भरती, ओहोटी आणि खरखर

१३ जुलै, रविवार

ठरलं एकदाचं. रेकॉर्ड काढायची. सीडी नाही, मोबाईलवर सोडायचं गाणं नाही. काळी, गोल, सुईखाली फिरणारी रेकॉर्ड. लहान आकाराची, दोन बाजूंना दोन गाणी. एकीकडे ‘भरती’, उलटीकडे ‘ओहोटी’.

ठाण्यात, चरईला टोनीच्या घरी चौघं जमलो होतो. ‘द मिठागर्स’ हा आमचा रॉक बँड एकोणऐंशी सालचा. लग्नं वाजवली, जिमखाने वाजवले, कॉलेजांची स्नेहसंमेलनं वाजवली. रेकॉर्ड तेवढी राहिली. एका कंपनीने होकार दिला होता, तर सहा महिन्यांत कंपनीच बुडाली. आता नवी पोरं पुन्हा रेकॉर्डी घेतात म्हणे, आणि नवी मुंबईच्या बाजूला एक छोटा कारखाना त्या छापूनही देतो.

टोनी म्हणाला, “रवी, सत्तरीला टेकलो मॅन. आता नाही तर मग डायरेक्ट वर जाऊन वाजवायचं.”

बँडमध्ये गिटारवर टोनीची बोटं, त्याची बहीण व्हिक्टोरिया हिचा गळा आणि ड्रमवर आनंदा म्हात्रेचे हात. मी बास गिटार वाजवतो, पण माझं खरं काम ते नव्हे. बँडचे कान मी. उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. लाइनवर कुठे खरखर आहे हे पकडायला साहेब मलाच बोलवायचे. “टिपणीस, जरा ऐका हो.” मी ऐकायचो आणि जिथे बोट ठेवायचो तिथेच जोड सुटलेला निघायचा. त्यामुळे आजही सर्वानुमते ठरलं की शेवटचा शब्द माझा. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय रेकॉर्ड छापायची नाही.

घरी येऊन बायकोला, नीरजाला सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळेच पुटपुटतात. तोंड उघडून बोलायची पद्धतच गेली.

२७ जुलै, रविवार

तालीम आनंदाकडे, डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. त्याच्या आजोबांनी मिठागरात आयुष्य काढलं, बँडचं नाव त्यांच्यावरून. आता तिथे आनंदाचा तीन मजली बंगला आहे आणि तळमजल्यावर ड्रम. चांगला रेकॉर्ड प्लेअरही चौघांत त्याच्याचकडे आहे.

आनंदाची बायको आवडाबाई म्हणजे वल्ली. घरात नवीन काही आलं की आधी हळदकुंकू, मग वापर. फ्रिजला, स्कूटरला, आनंदाच्या ब्लडप्रेशरच्या यंत्रालासुद्धा. “नवीन वस्तू घरान आली का तिचा मान करावा लागतो,” म्हणते. श्रावण असल्यामुळे ताटात मासळी नव्हती, त्याचं टोनीला फार दुःख. दर दोन घासांमागे सुस्कारा टाकत होता.

‘भरती’ अजून हाताला बसलं नाही. आनंदा मधल्या ठिकाणी पळतो. सांगितलं तर म्हणतो, “मी नाय पळत, तुम्ही म्हातारे झाले.” बसवणार. न बसवून सांगतो कोणाला.

१० ऑगस्ट, रविवार

कल्याणला कल्पिताच्या स्टुडिओत दोन्ही गाणी रेकॉर्ड झाली! कल्पिता म्हणजे तिशीची पोरगी, हुशार आहे, पण तीही पुटपुटणाऱ्यांतलीच. काचेपलीकडून माईकवर बोलली तर बरं कळतं.

व्हिक्टोरियाने ‘भरती’चा पहिला आवाज लावला आणि अंगावर काटा आला. “सांग सखे, सरली का गं भरती...” सदुसष्ट वर्षांच्या बाईचा गळा आहे, कोणी म्हणणार नाही.

नंतर तिने विचारलं, “रवी, सुरू करायच्या आधी मी श्वास घेते ना, तो जोरात आलाय. ठेवायचा की कापायचा?”

“कुठला श्वास?” मी म्हटलं. “असेल तर राहू दे. माणूस गाणार म्हणजे श्वास घेणारच.”

तिने कल्पिताकडे पाहिलं, कल्पिताने यंत्राकडे. बायकांचं आपसात काहीतरी असतं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज डोकं फिरलं. आवाजांची जुळणी करायला कल्याणला गेलो. कल्पिताने जे ऐकवलं त्यात झांजा नाहीत, टोनीच्या तारांना धार नाही, व्हिक्टोरियाचे शब्द तोंडात फडकं कोंबल्यासारखे. म्हटलं, वरचे सूर वाढव. वाढवले. म्हटलं, अजून.

“काका, अजून नको. तिचे ‘स’ फाटतील. या ओळीत किती ‘स’ आहेत बघा ना. रेकॉर्डवर सुई तिथे नुसती फसफसते.”

“कल्पिता, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकण्याचा पगार घेत होतो.”

मग मी सांगत गेलो, ती वाढवत गेली. शेवटी कुठे गाणं उजळलं. आता याची एक मूळ तबकडी कोरणार, तिचा साचा होणार, साच्यावरून चाचणीपुरत्या तीनच रेकॉर्डी येणार. त्या ऐकून मी ‘हो’ म्हणायचं आणि मग बाकीच्या निघणार. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. म्हणूनच मी हटून बसलो. पन्नास वर्षांनी निघणारी रेकॉर्ड मला मिळमिळीत नको आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

किरकोळ नोंदी. कुकर बिघडला आहे. शिट्टीच देत नाही. नीरजा देवळात गेली होती, मी शिट्ट्यांची वाट पाहत बसलो आणि खाली डाळीचा कोळसा. नवीन शिट्टी आणली, तीही तसलीच. दारावरची बेलही बदलली, बाजारात हल्ली धड माल मिळत नाही. आणि नौपाड्यातल्या चिमण्या बाकी पार गेल्या. एक ऐकू येत नाही.

संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीला गेलो. ही गर्दी आणि हे कर्णे! नीरजाने कानांत कापूस घातला होता. मला मात्र किती दिवसांनी काहीतरी स्वच्छ ऐकतोय असं वाटलं.

चाचणीच्या रेकॉर्डी आनंदाकडे पोचल्या की दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्यांनी मिळून ऐकायच्या. त्याआधी कोणी हात लावायचा नाही, असा माझा हुकूम आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

कागद फाटेल इतकं पेन दाबून लिहितोय. रागाने.

सकाळी आम्ही, कल्पितासुद्धा, आनंदाकडे पोचलो तेव्हा पूजा उरकली होती. ओटीवर त्याचे ड्रम, टोनीची गिटार, कोयता, पहार, आजोबांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. रेकॉर्डिंगपासून माझा बास तिथेच होता, त्याच्या माथ्यावर हळदकुंकवाचा एवढा मोठा टिळा. शेजारी पाटावर रेकॉर्डींची तीन पाकिटं ओळीने, प्रत्येकावर एक फूल. बाकीचे गच्चीत होते. आवडाबाईने माझ्या हातावर साखर ठेवली आणि “तिघींना” असं काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. घरातल्या बायकांच्या चौकशीत आपण कशाला पडा.

दुपारी रेकॉर्ड लावली. सुई टेकली. ‘भरती’ सुरू झालं. काय सांगू! काचेसारखं स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात आनंदा ओरडला, “अरे भजी तळतंय कोन?”

टोनी म्हणाला, “खरखर आहे मॅन. खूप आहे.”

व्हिक्टोरियाने तर ‘सांग सखे’ला कानांवर हात ठेवले.

मी म्हटलं, “कुठे आहे खरखर? दाखवा मला.” दुसरी लावली. तिसरी लावली. प्रत्येक वेळी यांची तोंडं वाकडी, आणि मला काही म्हणजे काही नाही. म्हणे तिन्ही तशाच. कल्पिता सांगायला लागली, “काका, खरखर छपाईची असेल. पण ‘स’ आपला आहे. मी तेव्हाच बोललेले.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना माझी जुळणी पहिल्यापासून नको होती. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मग मी बोलायचं ते बोललो, नाही ते बोललो. व्हिक्टोरियाला म्हणालो, “तुझा गळा गेला, त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस.” ती उठून आत गेली. दसऱ्याला सोनं वाटायचं, आम्ही शिव्या वाटल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस कोणाचा फोन नाही. नीरजा म्हणते, दोन वेळा वाजला. मग मला ऐकू कसा आला नाही?

व्हिक्टोरियाला बोललो ते वाईट झालं. पण मी हटणार नाही. एक रेकॉर्ड पिशवीत घालून आणली आहे. मंगळवारी थेट कारखान्यात जातो. मशीनवाल्याच्या तोंडून वदवून घेतो की माल स्वच्छ आहे. मग बघू कोण काय तळतंय ते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो. आलो.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहितो, सरळ लिहितो.

कारखान्यात मितेश म्हणून एक माणूस आहे, छापलेला माल तपासतो. त्याने रेकॉर्ड लावली. मी त्याच्याकडे ऐटीत पाहत होतो. सुई टेकताच त्याने तोंड आंबट केलं. पलीकडे खोकी बांधणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली. त्याने रेकॉर्ड काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

“काका,” तो म्हणाला, “हे कुंकू आहे का?”

मी डोळा लावला. काळ्या रेघांच्या दऱ्या, आणि दरीदरीत लाल कण. मधेच एखादा पिवळा. आवडाबाईने तिन्ही रेकॉर्डी पाकिटातून काढून, पाटावर बसवून, हळदकुंकू वाहून, पदराने पुसून परत आत ठेवल्या होत्या. तिघींना. एकीचा मान करायचा आणि दोघींचा नाही, असं ती कसं करील?

मी आधी खो खो हसलो. मितेशही हसला. मग माझं हसू थांबलं. कुंकू होतं. म्हणजे खरखर होती. आनंदाने ऐकली, टोनीने ऐकली, खोकी बांधणाऱ्या बाईने ऐकली. सगळ्या जगाने ऐकली आणि टिपणिसांनी नाही.

मितेशने रेकॉर्ड धुतली, पुन्हा लावली. म्हणाला, आता खरखर गेली, पण ‘स’ फार फाटतोय. मला दोन्ही वेळा एकच ऐकू आलं. तेच, काचेसारखं. घरी येईपर्यंत रिक्षात बसून मी एकेक आठवत होतो. कुकर. बेल. चिमण्या.

नीरजाला सांगितलं. ती शेजारी येऊन बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, “दोन वर्षं ओरडून बोलतेय मी तुमच्याशी. शेजारच्यांना वाटतं आपलं पटत नाही.”

लहान पोरासारखा रडलो. लाज कसली वाटायची आता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

इथेच, नौपाड्यात, कान तपासून आलो. बंद खोलीत बसवून कानांवर काहीतरी लावतात. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी बोट तयार ठेवून बसलो. बराच वेळ गेला, शेवटी काचेवर टकटक करून विचारलं, “बाई, सुरू कधी करताय?” बाईंनी नीरजाकडे पाहिलं. सुरू केव्हाच झालं होतं.

जाड आवाज मला उत्तम येतात. बारीक जवळजवळ सगळे गेलेत. मशीन मिळेल, पण कानाच्या मापाने बनून यायला, सवय व्हायला वेळ लागेल. तोवर रेकॉर्ड थांबवायची नाही. कारखान्यात आपला नंबर गेला तर मिठागर्स पुन्हा पन्नास वर्षं थांबणार काय?

११ ऑक्टोबर, शनिवार

कल्पिताच्या स्टुडिओत सगळ्यांना बोलावलं. आले, हेच पुष्कळ. उभा राहून सांगितलं. कुंकू सांगितलं, कान सांगितले. व्हिक्टोरियासमोर हात जोडले. “तुझा गळा शाबूत आहे. गेले ते माझे कान.”

टोनी म्हणाला, “आम्हाला ठाऊक होतं रे.”

“कधीपासून?”

“झाली दोन-तीन वर्षं.”

“मग सांगितलं का नाही, लेको?”

“सांगितलेलं,” व्हिक्टोरिया म्हणाली. “तू मान हलवलेलीस.”

मी म्हटलं, दुसरा बासवाला बघा. बहिऱ्याचं काय काम आता.

आनंदा चिडला. “गप रे. बास ऐकू येतो का तुला?”

“बास येतो.”

“मंग वाजव ना. झांजा वाजवाला मी हाय.”

कल्पिताने खुर्ची पुढे ओढली आणि चक्क मोठ्याने बोलली. “काका, खालचं सगळं तुम्ही बघा. वरचं मी आणि व्हिक्टोरियामावशी. शेवटचा शब्द तिघांचा.”

बँडचे कान आता सहा. चालेल. मला चालवून घ्यायलाच हवं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आवडाबाईला सांगायला मुद्दाम गेलो, नाहीतर आनंदा काहीतरी तिखटमीठ लावून सांगेल. तिने कपाळावर हात मारला. “आगो बाय! मना काय म्हाईत? दसऱ्याला हत्यारांची पूजा करतान का नाय? मना वाटला ते पन तुमचा हत्यार.”

“वहिनी, तुम्ही ते कुंकू लावलं नसतं ना,” मी म्हटलं, “तर ती फाटकी रेकॉर्ड मी छापून गावभर वाटली असती.”

तिला पटलं नाही. अर्ध्या तासात बोंबलाचं कालवण समोर आलं, ते दंड म्हणून की प्रसाद म्हणून कळलं नाही. दोनदा घेतलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज धनत्रयोदशी आणि मी कल्याणला. जुळणी नव्याने केली. मी डोळे मिटून स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवून बसलो. बास आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम एकमेकांत जिथे अडकत होते ते हाताला समजत होतं. सांगत गेलो, कल्पिता सोडवत गेली. एका ठिकाणी ती म्हणाली, “काका, हे मला कळलंच नव्हतं.” त्यावर मी जरा फुगलो, खोटं कशाला सांगू.

मग वरचे सूर त्या दोघींनी उतरवले. उतरवत गेल्या, उतरवत गेल्या. मला तर अख्खं गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं वाटायला लागलं. जिभेच्या टोकावर आलं होतं, ‘अगं, मारून टाकलं गाणं.’ गिळलं. मला गोधडी वाटतेय, म्हणजे बरोबर असणार.

व्हिक्टोरियाने विचारलं, “पाठवू?”

“पाठव,” मी म्हटलं. इतका कठीण शब्द आजवर तोंडातून काढला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चाचणीच्या नव्या तीन आल्या. आवडाबाईने या वेळी फक्त पाकिटांना कुंकू लावलं, तेही आनंदाला विचारून. सगळ्यांनी ऐकल्या. मी त्यांची तोंडं ऐकली. टोनीचे डोळे मिटलेले, आनंदाची बोटं मांडीवर, व्हिक्टोरिया स्वतःचंच गाणं हसत ऐकत होती. तिघांच्या वतीने ‘हो’ तिने कळवलं. माझी सही नाही. बरं वाटलं, आणि खूप दुखलं. दोन्ही खरं आहे.

६ डिसेंबर, शनिवार

मशीन मिळाली. दोन कानांत दोन. बाईंनी सुरू केली आणि मी दचकलो. कागद वाजतो! माझ्याच खिशातली पावती. घरी येताना नीरजाच्या बांगड्या सबंध रस्ताभर. चमचे तर काय, एकेक तलवार. गॅलरीत चिमण्या आहेत, हरामखोर, पाच-सात तरी. कुठेही गेल्या नव्हत्या. आणि नीरजा अजिबात पुटपुटत नाही. उलट फारच स्पष्ट बोलते.

‘भरती’ मात्र घरात ऐकलं नाही. नीरजाने मोबाईलवर लावते म्हटलं, मी नको म्हटलं. ऐकीन ते सुईखालीच.

२१ डिसेंबर, रविवार

खोकी आली! आनंदाच्या ओटीवर रेकॉर्डींची चळत. निळ्या पाकिटावर मिठाच्या पांढऱ्या राशी आणि खाली आमची चार नावं. टोनी एकेक पाकीट हुंगत होता, येडा. आवडाबाई कुंकवाची वाटी घेऊन लांब उभी, विचारल्याशिवाय पुढे येणार नाही अशी.

आनंदाने नवी कोरी काढली आणि प्लेअरवर ठेवली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

“ती नको,” मी म्हटलं. “आधी जुनी लाव. कुंकवाची.”

“अरे, आज ती खराब कशाला?” टोनी म्हणाला.

“लाव म्हणतो ना.”

धुवायची राहिलेली एक आनंदाकडे होती. त्याने शोधून आणली, लावली. सुई टेकली.

आई गं! काय ती खरखर! तेल तापून कढईत भजी सोडावीत तशी, थेट तशी. आनंदा तेव्हा शब्दशः खरं बोलत होता. मी खुर्चीत पुढे वाकलो. एकेक कण वेगळा वाजत होता. हा कुंकवाचा, ही हळद. टेलिफोन खात्यातली सगळी वर्षं कानात परत आली. आवडाबाईने पदर तोंडावर घेतला. “बंद करा ओ, मना लाज वाटते.” मी हातानेच तिला थांबवलं, कारण त्या खरखरीच्या खाली, गाणं सुरू व्हायच्या अगदी आधी, कोणीतरी श्वास घेतला होता. खोल, घाईचा, घाबरलेला.

मी व्हिक्टोरियाकडे पाहिलं. “हा तो श्वास?”

“हा तो,” ती म्हणाली.

मग ‘सांग सखे’ आलं, आणि सगळे ‘स’ असे काही फाटले की मीच कानांवर हात ठेवले. पोरं मोठ्याने हसली, पोरं कसली, सत्तरीचे घोडे. मीही हसत होतो आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बस झालं. आता नवी लावू?” टोनीने विचारलं.

“लावू,” मी म्हटलं. “पण आधी सुई मागे घे. तेवढा श्वास परत ऐकू दे.”